उजनी जलाशयातील आक्रमक जलीय प्रजाती

उजनी जलाशयातील आक्रमक जलीय प्रजाती म्हणजे भीमा नदीवरील उजनी धरणाच्या जलाशयात (यशवंतसागर) मूळच्या नसलेल्या, परंतु माणसाच्या हातून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे येऊन तेथे स्थिरावलेल्या आणि स्थानिक जीवसृष्टी, मासेमारी किंवा पाणीवापर यांना बाधा आणणाऱ्या वनस्पती व प्राणी. जलपर्णी, चिलापी (तिलापिया) आणि मांगूर ही त्यांतील ठळक उदाहरणे होत. हा जलाशय पुणे जिल्ह्यातील इंदापूर व दौंड, सोलापूर जिल्ह्यातील करमाळा व माढा आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत या तालुक्यांत पसरलेला आहे.

मोठ्या जलाशयात स्थिरावलेली प्रजाती समूळ नाहीशी करणे बहुधा शक्य होत नाही. त्यामुळे अशा ठिकाणी दोन गोष्टींना महत्त्व येते : नवी प्रजाती आत येऊ न देणे आणि आत असलेली प्रजाती शेजारच्या पाण्यात जाऊ न देणे. होड्या, जाळी व इतर ओल्या साधनांमधून होणारा प्रसार रोखण्यासाठी जगातील अनेक देशांनी ‘तपासा, धुवा, वाळवा’ या स्वरूपाचे नियम केले आहेत. प्रस्तुत लेखात उजनीतील प्रमुख प्रजाती, त्यांच्या प्रसाराचे मार्ग आणि साधने वाळवण्याच्या उपायाची उपयुक्तता व मर्यादा यांची माहिती दिली आहे.

पार्श्वभूमी

उजनी धरण सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात उजनी गावाजवळ आहे. धरणाचे बांधकाम १९६९ मध्ये सुरू होऊन १९८० मध्ये पूर्ण झाले. एकूण साठवण क्षमता सुमारे ११७ अब्ज घनफूट (टीएमसी) असून त्यांपैकी सुमारे ६३ अब्ज घनफूट हा मृतसाठा आहे. म्हणजे निम्म्याहून अधिक पाणी कालव्यांच्या दारांखालच्या पातळीवर असते. उन्हाळ्यात धरण ‘वजा’ पातळीत गेल्याच्या बातम्या येतात, तेव्हाही नदीच्या जुन्या पात्रात व खोलगट भागांत मोठा जलसाठा शिल्लक राहतो.

आक्रमक प्रजातींच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे. बारामती व इंदापूर हे तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतात. तेथील लहान पाझर तलाव आणि गावतळी बहुतेक उन्हाळ्यांत कोरडी पडतात, आणि तळ उघडा पडला की त्यातील मासे व तरंगत्या वनस्पती आपोआप नष्ट होतात. उजनीला असा निसर्गदत्त विसावा मिळत नाही. एकदा आत आलेल्या जीवाला तेथे बारमाही आश्रय मिळतो आणि पावसाळ्यात पाणी वाढले की तो पुन्हा सर्वत्र पसरतो.

दुसरे कारण पाण्याच्या गुणवत्तेशी संबंधित आहे. इंद्रायणी आणि मुळा-मुठा या नद्या उजनीच्या वर भीमेला मिळतात. पुणे व पिंपरी-चिंचवड या शहरांचे सांडपाणी या नद्यांतून येते आणि त्यातील नत्र व स्फुरद यांमुळे जलाशय पोषणद्रव्यांनी समृद्ध होतो. जलपर्णीसारख्या वेगाने वाढणाऱ्या वनस्पतींना आणि प्रदूषित, कमी प्राणवायूच्या पाण्यात तग धरणाऱ्या माशांना ही परिस्थिती मानवते. स्वच्छ व वाहत्या पाण्यातील स्थानिक मासे मात्र तेथे मागे पडतात.

भीमा खोऱ्यातील मूळ मत्स्यसृष्टीची सर्वांत जुनी शास्त्रीय नोंद कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांच्या दख्खनच्या माशांवरील लेखनात सापडते. दख्खनी महाशीर (टॉर खुद्री) या माशाचे शास्त्रीय वर्णन त्यांनी १८३९ मध्ये पुण्याच्या पूर्वेकडील मुळा-मुठा नदीतील नमुन्यांवरून केले. उजनीत आज मत्स्यबीज सोडून वाढवले जाणारे रोहू, कटला व मृगळ हे मासेदेखील मूळचे उत्तर भारतातील नद्यांचे आहेत. ते भारतीय असले तरी भीमेचे नव्हेत. मात्र त्यांची गणना सामान्यतः आक्रमक प्रजातींमध्ये केली जात नाही. ‘परकी’ आणि ‘आक्रमक’ या संज्ञा समानार्थी नाहीत. परकी प्रजातींपैकी ज्या स्वतःहून वाढतात, पसरतात आणि नुकसान करतात, त्यांनाच आक्रमक म्हटले जाते.

प्रमुख प्रजाती

जलपर्णी

जलपर्णी (पाँटेडेरिया क्रॅसिपिस, जुने नाव आयकॉर्निया क्रॅसिपिस) ही दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन खोऱ्यातील तरंगती वनस्पती आहे. जांभळ्या फुलांमुळे शोभेची वनस्पती म्हणून ती जगभर नेली गेली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमार्गे भारतात आली. बंगालमध्ये तिचा उपद्रव इतका वाढला की १९३६ मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला.

उजनीत जलपर्णी प्रामुख्याने पुराच्या पाण्यासोबत वरच्या नद्यांतून येते. पुणे परिसरातील नदीपात्रांत वाढलेले तिचे तराफे पहिल्या मोठ्या पावसात सुटतात आणि भीमेतून जलाशयाच्या फुगवट्यात पोहोचतात. तिची वाढ दोन प्रकारे होते. धावत्या खोडांपासून नवी रोपे फुटतात, आणि अनुकूल परिस्थितीत सुमारे दोन आठवड्यांत रोपांची संख्या दुप्पट होऊ शकते. याशिवाय तिचे बी तळाच्या गाळात वर्षानुवर्षे जिवंत राहते. पाणी ओसरून गाळ उघडा पडला आणि ओलावा टिकला की हे बी रुजते. त्यामुळे वरवरची जलपर्णी काढल्यानंतरही काही काळाने ती पुन्हा दिसू लागते.

जलपर्णीचा जाड थर पाण्यावर पसरला की खाली प्रकाश पोहोचत नाही, प्राणवायू घटतो, होड्यांची वाट अडते, जाळी टाकता येत नाहीत आणि उपसा सिंचनाच्या पंपांचे फूटव्हॉल्व्ह तुंबतात. जैविक नियंत्रणासाठी जलपर्णी खाणारे निओकेटिना प्रजातीचे भुंगेरे १९८० च्या दशकाच्या आरंभी भारतात आणले गेले. त्यांनी काही जलाशयांत चांगले काम केले. मात्र सांडपाण्याचा पुरवठा अखंड असेल तर वनस्पतीची वाढ भुंगेऱ्यांच्या भुकेपेक्षा अधिक वेगाने होते.

चिलापी

चिलापी हे तिलापिया माशाचे उजनी परिसरातील रूढ नाव आहे. आफ्रिकेतील मोझांबिक तिलापिया (ओरिओक्रोमिस मोसांबिकस) १९५२ मध्ये मत्स्यशेतीसाठी भारतात आणला गेला. पुढे नाईल तिलापियाही आला. मोझांबिक तिलापियाचे दुष्परिणाम ध्यानात आल्यावर १९५९ मध्ये त्याच्या प्रसारावर निर्बंध घालण्यात आले, परंतु तोवर तो देशातील अनेक तलावांत पोहोचला होता.

या माशाची मादी अंडी व पिल्ले तोंडात सांभाळते. त्यामुळे पिल्ले जगण्याचे प्रमाण मोठे असते. तो लहान वयात प्रजननक्षम होतो, वर्षातून अनेकदा वीण करतो आणि शेवाळापासून कीटकांपर्यंत सर्व काही खातो. परिणामी जलाशयात लहान आकाराच्या चिलापीची गर्दी होते आणि खाद्य व जागेसाठी इतर माशांशी स्पर्धा वाढते.

चिलापीची आर्थिक बाजू मात्र दुहेरी आहे. उजनीकाठच्या मच्छीमारांच्या दैनंदिन उत्पन्नात या माशाचा मोठा वाटा असून भिगवण व इंदापूर येथील मासळी बाजारांत त्याची नियमित आवक होते. पर्यावरणाच्या दृष्टीने जी प्रजाती आक्रमक, तीच येथे अनेक कुटुंबांचे पोट भरते. म्हणून उजनीतून चिलापी काढून टाकण्यापेक्षा ती अन्य तलावांत जाऊ नये यावर भर देणे अधिक व्यवहार्य ठरते.

मांगूर

आफ्रिकी मांगूर (क्लॅरिअस गॅरिपिनस) हा बाजारात ‘थाई मांगूर’ या नावानेही ओळखला जातो. तो मांसाहारी, अत्यंत काटक आणि हवेतून श्वास घेऊ शकणारा मासा आहे. ओलसर जमिनीवरून तो काही अंतर सरपटत जाऊ शकतो. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात तो बेकायदा मार्गाने भारतात आला. त्याच्या संवर्धनावर देशात बंदी आहे आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने साठे नष्ट करण्याबाबत आदेश दिले. त्यानंतर राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाने अनेक जिल्ह्यांत अवैध तळ्यांतील मासे नष्ट केले. उजनीच्या पाणलोट क्षेत्रातील तळ्यांवरही अशी कारवाई झाली आहे. अतिवृष्टीत तळ्याचा बांध फुटल्यास किंवा तळे ओसंडून वाहिल्यास मांगूर थेट जलाशयात जातो.

सकर मासा

दक्षिण अमेरिकेतील टेरिगोप्लिक्थिस प्रजातीचे मासे काचेच्या टाकीतील शेवाळ खातात म्हणून शोभिवंत माशांच्या व्यापारातून विकले जातात. टाकीत न मावण्याइतके वाढल्यावर काही लोक त्यांना जवळच्या नदीत सोडून देतात. उजनीत हा मासा जाळ्यात सापडल्याची वृत्ते प्रसिद्ध झाली आहेत. त्याचे शरीर कठीण कवचासारख्या खवल्यांनी झाकलेले असते आणि पर काटेरी असतात. जाळ्यात अडकला तर तो जाळे फाडतो, बाजारात त्याला मागणी नाही, आणि वीण करण्यासाठी तो काठाच्या मातीत बिळे करतो.

इतर

डास नियंत्रणासाठी भारतात आणलेले गप्पी व गंबुसिया हे लहान मासे पुणे परिसरातील जलप्रवाहांत आढळतात. काठावरील ओलसर जमिनीत बेशरम (आयपोमिया कार्निया) ही उष्णकटिबंधीय अमेरिकेतील झुडपी वनस्पती वाढते. तिच्या खोडाचा तुटलेला तुकडाही ओल मिळताच रुजतो.

प्रसाराचे मार्ग

जलीय प्रजातींचा प्रसार दोन प्रकारचा असतो. पहिला प्रवाहाबरोबर होणारा आणि दुसरा माणसाने केलेल्या वाहतुकीतून होणारा. प्रवाह नेहमी वरून खाली जातो, परंतु माणूस जीवांना खालून वर आणि एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात नेतो.

उजनीच्या खाली भीमा पंढरपूरमार्गे पुढे जाऊन कृष्णेला मिळते. या दिशेने जाणाऱ्या जलपर्णीला किंवा माशांना कोणताही वाहतूक नियम अडवू शकत नाही. भीमा-सीना जोडबोगद्यासारख्या योजनांतून उजनीचे पाणी सीना नदीत जाते, तेव्हाही पाण्याबरोबर जीवांची वाहतूक होण्याची शक्यता असते.

बारामतीची स्थिती निराळी आहे. बारामती तालुका उजनीच्या खालच्या प्रवाहावर नाही. त्याचे सिंचन मुख्यतः वीर धरणातून निघणाऱ्या नीरा डाव्या कालव्यावर अवलंबून आहे. कऱ्हा नदी नीरेला मिळते आणि नीरा इंदापूर तालुक्याच्या टोकाला नीरा नरसिंहपूर येथे, म्हणजे उजनी धरणाच्या खाली, भीमेला मिळते. नीरेवरील कोल्हापूर पद्धतीचे बंधारे खालून वर येणाऱ्या माशांच्या वाटेत अडथळे निर्माण करतात. अर्थात, उजनीतील एखादी नवी प्रजाती बारामतीच्या तलावात किंवा शेततळ्यात दिसली, तर ती बहुधा कोणाच्या तरी वाहनातून, बादलीतून, जाळ्यातून वा होडीतून आलेली असते. लाकडी-निंबोडी उपसा सिंचन योजनेद्वारे उजनीचे पाणी इंदापूर व बारामती तालुक्यांतील जिरायती गावांना देण्याचे नियोजन आहे. अशा योजनांच्या पाण्यातून माशांची अंडी, सूक्ष्म पिल्ले आणि वनस्पतींचे तुकडे वर जाऊ शकतात. त्यामुळे दोन खोऱ्यांमधील ही नैसर्गिक सीमा पुढे आजच्याइतकी पक्की राहीलच असे नाही.

माणसाच्या वाहतुकीतील प्रमुख वाहक पुढीलप्रमाणे आहेत :

• मत्स्यबीज : इष्ट प्रजातीच्या बोटुकलीत अन्य प्रजातीची पिल्ले मिसळलेली असणे.
• जाळी : एका तलावावरून दुसऱ्या तलावावर जाणाऱ्या मच्छीमारांची ओली जाळी, दोर व क्रेट.
• होड्या : ट्रॅक्टर, टेम्पो किंवा ट्रेलरवरून हलवल्या जाणाऱ्या पत्र्याच्या व फायबरच्या होड्या, बचाव पथकांच्या रबरी बोटी, सर्वेक्षणाच्या बोटी, शर्यतीच्या होड्या.
• यंत्रसामग्री : पाणी उपसण्याचे पंप, पाइप व फूटव्हॉल्व्ह, तसेच वाळूउपशाच्या यांत्रिक बोटी.
• शोभिवंत मासे व पाणवनस्पती नदीत सोडून देणे.

होड्या व जाळी वाळवणे

तत्त्व

बहुतेक जलचर श्वसनासाठी आणि शरीरातील ओल टिकवण्यासाठी पाण्यावर अवलंबून असतात. साधन पूर्णपणे कोरडे ठेवले तर त्यावरील जीव ठराविक काळाने मरतात. या उपायाला रसायन लागत नाही, खर्च जवळजवळ नसतो आणि त्यापासून पाण्याचे प्रदूषण होत नाही. मात्र वाळवणे हे धुण्याला पर्याय नाही. चिखलाच्या ढेकळात किंवा वनस्पतीच्या गुंत्यात ओल दीर्घकाळ टिकते आणि बी तर सुकल्यावरही जिवंत राहते. म्हणून प्रथम तपासणे, नंतर धुणे व पाणी काढणे आणि शेवटी वाळवणे असा क्रम सर्वत्र सांगितला जातो.

होडीवर जीव लपण्याच्या जागा ठराविक असतात. पंख्याभोवती व नांगराच्या दोरात वनस्पतींचे तुकडे अडकतात. तळफळ्यांखाली साचलेल्या पाण्यात अंडी, पिल्ले व सूक्ष्म अळ्या राहतात. इंजिन थंड करणाऱ्या नळ्यांत थोडे पाणी उरते. मासळी ठेवण्याच्या टबात व थर्माकोलच्या पेट्यांत ओल असते. जाळ्याच्या गुंडाळलेल्या ढिगात वरचे पदर सुकले तरी आतले पदर ओलेच राहतात. यामुळे होडीची बूच काढून ती तिरकी करणे आणि जाळे ढिगात न ठेवता पसरून वाळवणे आवश्यक असते.

लागणारा काळ

वाळवण्याचा काळ तापमान, हवेतील आर्द्रता, साधनाचा प्रकार आणि अपेक्षित जीव यांवर अवलंबून असतो. कडक उन्हात, कोरड्या हवेत गुळगुळीत फायबरचा पृष्ठभाग काही तासांत कोरडा होतो. जाड दोर, फोम व लाकडाच्या फटी यांना अनेक दिवस लागतात. कवच बंद करून घेणारे शिंपले व झाकण असलेल्या गोगलगायी कोरड्या हवेत काही दिवस आणि थंड, दमट हवेत त्याहून बराच अधिक काळ तग धरतात.

उजनी परिसरात एप्रिल व मे महिन्यांत तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते आणि हवा कोरडी असते. या काळात वाळवणे सर्वाधिक परिणामकारक ठरते. पावसाळ्यात मात्र हवेतील दमटपणामुळे तेच साधन कितीतरी अधिक काळ ओले राहते. जलपर्णीचे तराफे नेमके याच काळात येतात आणि बहुतांश मत्स्यबीजही याच काळात सोडले जाते. म्हणजे धोका सर्वाधिक असतो तेव्हा ऊन सर्वांत कमी असते. अशा वेळी गरम पाण्याचा उपयोग होतो. ब्रिटनमधील संशोधनात ४५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात १५ मिनिटे बुडवून ठेवल्यास अनेक आक्रमक गोड्या पाण्यातील प्रजाती मरतात असे आढळले. अमेरिकेत झेब्रा व क्वागा शिंपल्यांसाठी सुमारे ६० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्याचा फवारा वापरला जातो.

इतर देशांतील नियम

उत्तर अमेरिकेतील पंचमहासरोवरांच्या परिसरात १९८८ मध्ये झेब्रा शिंपला आढळला. हे शिंपले पाणीपुरवठ्याच्या नळ्यांत दाट थरांनी वाढून त्या बुजवतात. २००७ मध्ये त्यांचाच भाईबंद असलेला क्वागा शिंपला अमेरिकेच्या पश्चिमेकडील मीड सरोवरात सापडला. मधले हजारो किलोमीटरचे अंतर कोणत्याही नदीने जोडलेले नाही. ट्रेलरवरील होड्यांमधून हा प्रवास झाल्याचे मानले जाते. त्यानंतर अनेक राज्यांत होड्यांची तपासणी केंद्रे सुरू झाली. मिनेसोटा राज्यात पाण्याबाहेर काढलेल्या होडीची बूच उघडून पाणी काढणे सक्तीचे आहे, आणि धक्के व होडी उचलण्याची साधने दुसऱ्या तलावात बसवण्यापूर्वी २१ दिवस कोरडी ठेवावी लागतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियात ‘सोनेरी शिंपला’ आढळल्यावर तेथील काही जलाशयांनी होड्यांना ३० दिवसांच्या विलगीकरणाची अट घातली.

न्यूझीलंडमध्ये २००४ साली दक्षिण बेटावरील नदीत डिडिमो नावाचे सूक्ष्म शेवाळ आढळले. ते मासेमारीच्या बुटांच्या ओल्या तळव्यांतूनही पसरू शकते. तेथे साधन हाताला कोरडे लागल्यानंतर आणखी किमान ४८ तास कोरडे ठेवण्याची सूचना दिली जाते. घड्याळ साधन पाण्याबाहेर काढल्यापासून नव्हे, तर ते कोरडे झाल्यापासून मोजायचे, हा या नियमाचा महत्त्वाचा भाग आहे.

महाराष्ट्राशी संबंधित एक उदाहरण खाऱ्या पाण्याचे आहे. मध्य अमेरिकेकडील मायटिलॉप्सिस सॅली हा शिंपला मुंबई व विशाखापट्टणमच्या बंदरांत जहाजांमार्गे येऊन स्थिरावला. हाच शिंपला १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातील डार्विनच्या होडीतळांत आढळला, तेव्हा प्रशासनाने तळ बंद करून क्लोरीन व मोरचूद यांच्या साहाय्याने त्याचे उच्चाटन केले. बंद करता येणाऱ्या लहान जागेत आणि लवकर लक्षात आल्यामुळेच हे शक्य झाले. उजनीसारख्या विस्तीर्ण जलाशयात असा उपाय करता येणार नाही.

स्थानिक परिस्थिती

उजनीतील बहुसंख्य होड्या याच जलाशयात कायम राहतात. मच्छीमारांच्या होड्या, कुंभारगाव व डिकसळ येथील पक्षी निरीक्षणाच्या होड्या आणि इंदापूर-करमाळा तालुक्यांदरम्यान प्रवासी नेणाऱ्या होड्या यांना दररोज वाळवण्याने काही साध्य होत नाही, कारण त्या एकाच पाण्यातून त्याच पाण्यात जातात. नियमाची गरज असते ती पाणी बदलणाऱ्या साधनांना. उजनीवर मासेमारी करून मदनवाडी तलावावर किंवा बारामतीच्या एखाद्या शेततळ्यावर जाळे ओढायला जाणारा मच्छीमार, पूरस्थितीत एका धरणावरून दुसऱ्या धरणावर पाठवली जाणारी बचाव बोट आणि भाड्याने फिरणारा पंप ही त्याची उदाहरणे आहेत. अशी साधने संख्येने थोडी असल्याने त्यांवर लक्ष ठेवणे तुलनेने सोपे आहे.

साधने वाळवण्याची कल्पना मराठी मुलखाला नवी नाही. सुती जाळी वापरात होती तेव्हा ती दररोज पसरून वाळवावी लागत, अन्यथा कुजत. नायलॉनची जाळी कुजत नसल्याने हे काम ऐच्छिक झाले आणि ओले जाळे पोत्यात भरून थेट दुसऱ्या तलावावर नेणे सोयीचे झाले. कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यातील मासेमारी बंदीच्या काळात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारण्याची प्रथा आजही आहे. त्या प्रथेचा हेतू होडीचे रक्षण हा असला तरी होडीच्या तळाला चिकटलेले जीव मरणे हा तिचा सहज होणारा परिणाम आहे.

जाळी वाळवण्याचा दुसरा लाभ माशांच्या रोगांशी निगडित आहे. भारतात १९८८ पासून आढळणारा ‘एपिझूटिक अल्सरेटिव्ह सिंड्रोम’ हा व्रणरोग ॲफानोमायसिस या बुरशीसदृश जीवामुळे होतो आणि मरळ, मृगळ अशा माशांना बाधतो. रोग असलेल्या तळ्यातील जाळी व भांडी निर्जंतुक करून उन्हात वाळवल्याशिवाय दुसऱ्या तळ्यात वापरू नयेत, अशी शिफारस मत्स्यशास्त्रज्ञ करतात. शेततळ्यात मत्स्यपालन करणाऱ्या शेतकऱ्याला आक्रमक प्रजातींपेक्षा रोगाचे नुकसान अधिक लवकर जाणवते. खबरदारी मात्र दोहोंसाठी एकच आहे.

मर्यादा

वाळवण्याने सर्व प्रकारचा प्रसार थांबत नाही. उजनीतील प्रमुख प्रजातींच्या संदर्भात या उपायाची परिणामकारकता पुढीलप्रमाणे सांगता येते.

जलपर्णीचे हिरवे रोप उन्हात सुकून मरते, परंतु गाळातील बी मरत नाही. त्यामुळे चिखल धुऊन काढणे हाच मुख्य उपाय ठरतो. चिलापीची अंडी मादीच्या तोंडात असल्याने जाळ्याला चिकटून त्यांचा प्रसार होण्याची शक्यता कमी असते. मात्र होडीत किंवा टबात उरलेल्या पाण्यातून पिल्ले जाऊ शकतात, म्हणून तेथे पाणी पूर्णपणे काढून टाकणे महत्त्वाचे असते. मांगूर व सकर मासा हे हवेत अनेक तास जिवंत राहू शकतात. त्यांचा प्रसार मुख्यतः हेतुपुरस्सर सोडण्याने वा तळी फुटल्याने होतो आणि त्यावर वाळवण्याचा परिणाम जवळजवळ शून्य आहे. सूक्ष्म शेवाळ, रोगजंतू, लहान गोगलगायी आणि अद्याप येथे न आलेले गोड्या पाण्यातील परकी शिंपले यांच्याबाबत हा उपाय सर्वाधिक उपयोगी आहे. म्हणजेच साधने वाळवणे ही आधी आलेल्यांना बाहेर काढण्याची नव्हे, तर पुढे येऊ शकणाऱ्यांसाठी दार बंद ठेवण्याची पद्धत आहे.

कायदेशीर चौकट

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली केलेल्या दुरुस्तीने ‘आक्रमक परकी प्रजाती’ या संज्ञेचा समावेश झाला. कलम ६२-अ नुसार अशा प्रजातींची आयात, व्यापार, बाळगणूक किंवा प्रसार यांवर नियंत्रण वा बंदी घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. राज्यातील अंतर्गत मासेमारीला महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियम, १९६० लागू आहे. जलाशयांतील मासेमारीचे हक्क सामान्यतः मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिले जातात.

या तरतुदींचा रोख प्रजातींची आयात व संवर्धन आणि मासेमारीची पद्धत यांवर आहे. एका जलाशयातून दुसऱ्या जलाशयात जाणाऱ्या ओल्या साधनांचा विचार त्यांत स्वतंत्रपणे केलेला नाही. परदेशांत मात्र तपासणी व वाळवण्याच्या अटी जलाशयाच्या वापराच्या परवान्याशी जोडल्या जातात. महाराष्ट्राच्या रचनेत त्याच्याशी मिळतीजुळती जागा म्हणजे जलाशयाच्या ठेक्याच्या अटी.

जागतिक पातळीवर २०२२ च्या कुनमिंग-माँट्रियल जैवविविधता आराखड्यातील सहावे उद्दिष्ट आक्रमक परकी प्रजातींच्या नव्या आगमनाचा व स्थिरावण्याचा दर २०३० पर्यंत किमान ५० टक्क्यांनी घटवण्याचे आहे. भारत या आराखड्यात सहभागी आहे. आंतरशासकीय जैवविविधता मंच ‘आयपीबीईएस’ याच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात ३७,००० हून अधिक परकी प्रजाती स्थिरावल्या असून त्यांपैकी ३,५०० हून अधिक हानिकारक आहेत. आगमन रोखणे हा उच्चाटनापेक्षा स्वस्त व अधिक खात्रीचा मार्ग असल्याचा निष्कर्ष या अहवालात नोंदवला आहे.

हेही पहा

• उजनी धरण
• भीमा नदी
• नीरा नदी
• भिगवण
• जलपर्णी
• तिलापिया
• महाशीर
• आक्रमक प्रजाती